आईच्या फोनवर न उघडलेला अंक

२०१८ साली मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या वार्षिक अंकाची विद्यार्थी संपादकही. तोवर अंक छापील निघायचा. गुळगुळीत कागद, सुरुवातीला मान्यवरांचे शुभेच्छासंदेश, मग प्राचार्यांचं मनोगत, मग विभागवार ग्रुप फोटो, आणि उरलेल्या जागेत आम्ही. त्या वर्षी ठरलं की अंक डिजिटल काढायचा. कारणं दोन होती. छपाईचे पैसे वाचणार होते, आणि वर्षअखेरीस एक तपासणी समिती येणार होती, तिला दाखवायला काहीतरी ‘इनोव्हेटिव्ह’ हवं होतं.

आम्ही फ्लिपबुक केलं. पान उलटलं की कागदाचा सर्रकन आवाज यायचा. त्या आवाजासाठी मी एक अख्खी रात्र जागले होते, हे आज सांगायला लाज वाटते. अंकाचं एकूण वजन ११२ एमबी. समितीने लॅबमधल्या मोठ्या स्क्रीनवर दोन-तीन पानं उलटून पाहिली, आवाज ऐकून हसली आणि पुढच्या लॅबकडे गेली. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या.

त्याच अंकात माझ्या एका वर्गमित्राचा लेख होता. त्याची आई गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती, तिच्या रोजच्या कामावर लिहिलेला. अंकातलं सगळ्यात चांगलं लेखन तेच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याने कौतुकाने घरी लिंक पाठवली. काकूंकडे एक जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड फोन. गोल चक्र फिरायचं, कधीतरी मुखपृष्ठ दिसायचं, आणि पुढचं पान उलटायला गेलं की फोन हँग. काकू आठवडाभर रोज रात्री जेवणं झाल्यावर लिंक उघडून बघायच्या. शेवटी मित्र म्हणाला, “राहू दे, सुट्टीत गेलो की वाचून दाखवतो.”

त्याने वाचून दाखवलं नाही. आईवर लिहिलेलं आईसमोर बसून वाचणं किती अवघड असतं, ते तुम्हाला मी काय सांगू. पुढच्या वर्षी मी त्याच्याकडे लेख मागितला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “लिहीन गं, पण कोणासाठी?”

गेल्या वर्षी कॉलेजच्या मुलांचा फोन आला. “ताई, डिजिटल अंक परत सुरू करायचाय, प्लॅनिंगला मदत कराल का?” एव्हाना मला नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. सवयीने पहिला विचार कोणतं फ्रेमवर्क वापरायचं हाच आला. मग तो जुना प्रश्न आठवला, आणि मी लॅपटॉप मिटवून भलतीकडेच गेले. आपल्याकडे विद्यार्थ्यांनी आणि विशी-पंचविशीतल्या पोरांनी याआधी नियतकालिकं काढली तेव्हा त्यांनी ‘कोणासाठी’ हे कसं ठरवलं, ते वाचत बसले.

*

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेल्या नावापासून करते. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत काढला. शाळेत आपण हे पाठ करतो आणि एका मार्काला लिहून मोकळे होतो. शाळेत न सांगितलेली गोष्ट ही, की बाळशास्त्री तेव्हा वीस वर्षांच्या आसपास होते. म्हणजे आजच्या हिशेबात थर्ड इयरला.

‘दर्पण’च्या पानावर दोन स्तंभ असायचे, एक इंग्रजी, एक मराठी. आपण म्हणू, भाषांतर दिलं होतं. पण पानाची ती मांडणी म्हणजे वाचकांची यादीच आहे. एका बाजूला राज्य करणारा इंग्रज, त्याला इथल्या लोकांचं म्हणणं कळावं. दुसऱ्या बाजूला इथला माणूस, त्याला विलायतेकडचं ज्ञान कळावं, शेजारच्या स्तंभाकडे बघत बघत इंग्रजीही कळावं. एका कागदावर दोन वाचक बसवायचे तर निम्मी जागा प्रत्येकाला द्यावी लागते. बाळशास्त्रींनी ती किंमत मोजली.

‘दर्पण’ १८४०मध्ये बंद झालं. त्याच वर्षी बाळशास्त्रींनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केलं. त्यात इंग्रजी स्तंभ नव्हता. भूगोल, इतिहास, सृष्टिज्ञान असे विषय मराठीतून, आणि सोबत नकाशे, आकृत्या. वाचक बदलला तेव्हा भाषा, विषय, चित्रं, अंक किती दिवसांनी काढायचा, सगळंच बदललं. प्रॉडक्टच्या मीटिंगमध्ये आम्ही ज्याला ‘यूझर’ म्हणतो, त्याचा विचार इतका स्वच्छ केलेला मी फार कमी मीटिंगांमध्ये पाहिलाय.

*

पण बाळशास्त्रींचं काम विद्यार्थ्यांच्या मंडळाचं नव्हतं. मुलांनी मिळून काढलेलं नियतकालिक शोधताना मी १८४८च्या मुंबईत पोहोचले.

त्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधले विद्यार्थी आणि तरुण शिक्षक यांनी एक मंडळ काढलं, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. सभासद निबंध लिहीत, सभेत वाचत, त्यावर चर्चा होई. आजच्या कॉलेजांतल्या लिटररी क्लबसारखंच. क्लबमध्ये आपण आपल्यासाठी लिहितो, आपल्यालाच वाचून दाखवतो, आपणच टाळ्या वाजवतो. ही मुलं तिथे थांबली नाहीत. इंग्रजी न येणाऱ्या लोकांपर्यंत पोहोचायचं तर त्यांच्या भाषेत बोलावं लागेल म्हणून त्यांनी देशी भाषांच्या शाखा काढल्या. मराठी शाखेचं नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. या सभेने १८५०मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू केलं, आणि ते १८६७पर्यंत चाललं. सतरा वर्षं! आमच्या कॉलेजच्या डिजिटल अंकाने सतरा महिने काढले नाहीत.

यातली आणखी एक गोष्ट वाचून मी थबकले. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८मध्ये मुलींची शाळा सुरू केली, हे आपल्याला माहीत आहे. मुंबईत १८४९मध्ये याच विद्यार्थ्यांच्या सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या. सभासद स्वतःचं काम सांभाळून तिथे फुकट शिकवायचे. त्यांच्यात दादाभाई नौरोजी होते. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी पाठबळ दिलं.

आता या दोन तारखा शेजारी ठेवा. १८४९ला मुलींच्या शाळा, १८५०ला मासिक. एकच मंडळ एकीकडे लिहीत होतं आणि दुसरीकडे वाचायला शिकवत होतं. त्यांना बहुधा हे वेगवेगळं वाटतही नसेल. आपल्या घरातली बहीण, आई, बायको आपण लिहिलेलं वाचू शकत नाही, हे त्यांना रोज घरी गेल्यावर दिसत असणार. त्यांनी वाचकाला नावं ठेवली नाहीत, पाटी-पेन्सिल घेऊन त्याच्याकडे गेले.

मी काकूंच्या फोनला नावं ठेवली होती. “त्यांचा फोनच जुना आहे रे,” असं मी २०१८ला मित्राला म्हणाले होते, हे मला चांगलं आठवतं.

*

वाचकाची निवड झाली की पुढचा प्रश्न यंत्राचा. त्याचा इतिहास तर माझ्या धंद्याच्या अगदी जवळचा निघाला.

देवनागरी छापायची म्हणजे शिशाचे शेकडो खिळे लागायचे. अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या, सगळ्यांचे वेगळे साचे. कंपोझिटर ते एकेक उचलून जुळवायचा. गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. १८६९मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि देवनागरीचे खिळे इतके देखणे केले की पुढच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांना तेच वळण बसलं.

छापखाना परवडत नसेल तर? १९५४च्या सुमारास मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं. चित्रे तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. अंक सायक्लोस्टाइल केलेला, म्हणजे स्टेन्सिल कापून शाईच्या रोळाखालून हाताने काढलेल्या प्रती. प्रस्थापित मासिकांची परवानगी नको, छपाईचं बिल नको. प्रती थोड्या निघत, पण त्या कोणाच्या हातात पडाव्यात हे त्यांना नेमकं माहीत होतं. मराठी लघुअनियतकालिकांची चळवळ म्हणून जिचा अभ्यास होतो, तिची सुरुवात अशा स्वस्तातल्या कागदांवर झाली.

वेब आला तेव्हाही पहिल्या रांगेत विद्यार्थीच होते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांचं ‘द टेक’ हे वृत्तपत्र १८८१चं, म्हणजे ‘केसरी’च्याच वयाचं. सर्नने वर्ल्ड वाइड वेबचं तंत्र ३० एप्रिल १९९३ रोजी सगळ्यांना मोकळं केलं, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘द टेक’ वेबवर आलं. वेबवर गेलेलं पहिलं वृत्तपत्र म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला.

आणि मराठी? मायबोलीसारखं संकेतस्थळ १९९६पासून आहे, परदेशात गेलेल्या मराठी माणसांना गप्पा मारायला हक्काची जागा. पण त्या काळात संगणकावर मराठी लिहिणं म्हणजे एक जुगाड होतं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेले फॉन्ट असायचे. तुमच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर ‘आई’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसायची. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. विंडोज २०००पासून घरच्या संगणकावर युनिकोड देवनागरी नीट दिसू लागली, आणि हळूहळू मराठी मजकूर शोधता, कॉपी करता, पाठवता यायला लागला.

हे सगळं होऊन गेल्यावर, २०१८ला, आम्ही काय केलं? डीटीपीवाल्या काकांकडून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप करून घेतला, पानांची चित्रं केली आणि ती चित्रं फ्लिपबुकात चिकटवली. म्हणजे इंटरनेटवर बसून आम्ही शिळाप्रेसच चालवला. गूगलला त्यातला एक शब्द वाचता येत नव्हता. काकूंनाही.

*

मुलांबरोबर पहिली मीटिंग झाली तेव्हा त्यांनी मला लोगो दाखवला. मी म्हटलं, आधी वाचक दाखवा. ते म्हणाले, “सगळे.” मी म्हटलं, ‘सगळे’ नावाच्या माणसाचा फोन कोणता आहे?

मग आठवडाभर त्यांनी एकच काम केलं. प्रत्येकाने घरी जाऊन, किंवा घरी फोन करून, अंक ज्याने वाचावा असं वाटतं अशा एका माणसाची माहिती आणली. तो कोण, फोन कोणता, रेंज कुठे येते, वाचतो कधी. परत आले तेव्हा ‘सगळे’ हा शब्द गायब झाला होता. कोणाची आत्या होती, कोणाचा रिक्षा चालवणारा भाऊ, कोणाचे निवृत्त आजोबा, कोणाची बारावीतली बहीण. जवळपास सगळे फोनवर वाचणारे, रात्री नऊनंतर, व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून. एवढं कळल्यावर निम्मे निर्णय आपोआप झाले.

पहिला, फ्लिपबुक नाही, पीडीएफ नाही. प्रत्येक लेख साधं वेबपेज. याचा हिशेब सोपा आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. लांबलचक लेखात बारा हजार चिन्हं धरली तरी ३६ केबी होतात. आमच्या ११२ एमबीच्या फ्लिपबुकात असे तीन हजार लेख मावले असते. एका सेकंदाला एक मेगाबिट अशा मरतुकड्या नेटवर फ्लिपबुकाला पंधरा मिनिटं लागतात. तो लेख पापणी लवेपर्यंत येतो.

दुसरा, पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ असं स्पष्ट लिहायचं. हिंदी आणि मराठीत ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं वेगळी आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची सोय असते तो या एका शब्दावरून योग्य वळण निवडतो. आजोबांना “काहीतरी वेगळं दिसतंय” असं वाटू नये यासाठी चार अक्षरं लिहायला काय जातंय?

तिसरा, कामांची वाटणी. संपादन वेगळं, मुद्रितशोधन वेगळं, कोड वेगळं. मुद्रितशोधन करणाऱ्याने लॅपटॉपवर न वाचता फोनवर वाचायचं, कारण वाचक तिथे आहे. फोटोत जो दिसतो त्याला विचारल्याशिवाय फोटो लावायचा नाही. लेख प्रसिद्ध होण्याआधी लेखकाला अंतिम रूप दाखवायचं.

चौथा निर्णय मला स्वतःच्या अनुभवावरून घ्यायचा होता. जुन्या अंकाचा डोमेन मी माझ्या डेबिट कार्डावर घेतला होता. मी पास झाले, कार्ड बदललं, नूतनीकरण राहिलं, आणि अंक नाहीसा झाला. कॉलेजच्या लायब्ररीत माझ्या जन्माआधीचे वार्षिक अंक अजून कपाटात आहेत, वाळवी लागलेले, पण आहेत. आमचा नाही. म्हणून या वेळी पत्ता कॉलेजच्या नावावर, पानं साध्या फाइली, त्यांची एक प्रत लायब्ररीच्या संगणकात, आणि कागदावर छापून बांधलेली एक प्रत त्याच कपाटात. मुलं हसली. “ताई, डिजिटल अंक छापायचा?” मी म्हटलं, एकच प्रत. पन्नास वर्षांनी कोणीतरी तुमच्यासारखंच शोधत येईल त्याच्यासाठी.

*

एवढं सगळं करून झाल्यावर एक काम उरलं होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

जुन्या पेनड्राइव्हमध्ये डीटीपीची मूळ फाइल सापडली. मित्राच्या लेखाची चार पानं, जुन्या फॉन्टमधली, उघडल्यावर नुसती भेळ. मी ती युनिकोडमध्ये आणायला एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. दोन संध्याकाळींचं काम वाटलं होतं, दोन आठवडे लागले. जुना फॉन्ट डोळ्यांना दिसतं तसं साठवतो, अगदी खिळे जुळवल्यासारखं. ‘वि’ लिहायला आधी वेलांटी, मग ‘व’. ‘वर्ग’ लिहायला ‘व’, ‘ग’, आणि शेवटी वरचा रफार. युनिकोड आपण बोलतो त्या क्रमाने साठवतो. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून अक्षरामागे न्यायची, प्रत्येक रफार उचलून पुढे आणायचा. त्यात आपला खास मराठी ‘ऱ्या’ प्रत्येक वेळी बिघडायचा. लेखातल्या गावाभोवतीच्या दऱ्या माझ्या प्रोग्रॅमने दर्या करून टाकल्या होत्या. बीड जिल्ह्यात समुद्र आणला मी.

शेवटी लेख उभा राहिला. मित्राला पाठवला. तो आता पुण्यात नोकरी करतो, लिहीत नाही. दिवसभर निळ्या टिका, उत्तर नाही. रात्री उशिरा फक्त एवढंच, “आईला पाठवू?”

दुसऱ्या दिवशी त्याने मला काकूंचा व्हॉइस मेसेज पुढे पाठवला. मागे भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी रडणारं बाळ.

“पोरी, वाचलं बरं का सगळं. दोनदा वाचलं. चांगलं लिहिलंय त्यानं, पण दोन गोष्टी चुकल्यात बघ. त्यानं लिवलंय, आई पोरांची वजनं वहीत लिहायची. वहीत मी नव्हते लिहीत, वही बाईंकडं. मी लेकरू झोळीत धरायची काट्याला. आणि त्यानं लिवलंय, आईचा पगार. आम्हाला पगार नसतो, मानधन असतं. पगार लिहू नको, लोकांना वाटंल आम्हाला पगार मिळतो.”

मी तो मेसेज किती वेळा ऐकला ते मोजलं नाही. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख यांची शतपत्रं १८४८पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रं म्हणून येत गेली. देशमुख तेव्हा पंचविशीत होते. वाचकाने संपादकाला लिहिलेल्या पत्रात एवढी ताकद असू शकते, हे मी महिनाभर वाचत होते. आता आमच्या अंकाला पहिलं पत्र आलं होतं, सात वर्षं उशिरा, आवाजात.

मित्राने त्याच रात्री दोन्ही दुरुस्त्या केल्या. छापील अंकात चूक सापडली की पुढच्या अंकात शुद्धिपत्र द्यावं लागायचं, आम्ही लेखाखालीच दुरुस्तीची तारीख टाकली आणि कोणी सुचवली तेही लिहिलं, ‘लेखकाची आई’. मग त्याने स्वतःहून एक परिच्छेद वाढवला, पगार आणि मानधन यांतल्या फरकाबद्दल. तो आधीच्या लेखापेक्षा चांगला उतरला आहे.

मुलांचा अंक पुढच्या महिन्यात येतोय. त्यात हा लेख जुन्या तारखेसह पुन्हा घेतलाय. पानाचं वजन ४१ केबी आहे, फोटोशिवाय. काकूंच्या फोनवर उघडून बघितलंय.